गोदी, तिसरा मजला

आप्पांच्या हॉलमध्ये गेल्या दिवाळीपासून पाहुण्यांना बसायला जागा उरलेली नाही. सोफा आतल्या खोलीत गेला, टीव्ही फ्रिजवर चढला, आणि सत्यनारायणाचा चौरंग मांडायच्या भिंतीपासून खिडकीपर्यंत एक सागवानी अड्डा आडवा पसरला. जरीकाम करणारे कारागीर कापड ताणून ज्यावर बसतात तोच हा अड्डा, चार दांड्यांची लाकडी चौकट. पाइनचं लाकूड निम्म्यात पडेल असं सुतार म्हणाला, तेव्हा आप्पांनी त्याला सोफ्यावर बसवून (तेव्हा सोफा होता) मलबारच्या सागाबद्दल पाऊण तास सांगितलं. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागातल्या तेलाने ते टिकतात, वगैरे. चौकटीत एकही खिळा नव्हता. सुतार शेवटी साग आणायला कबूल झाला. आप्पांच्या मते त्याला पटलं. माईंच्या मते तो दमला.

अड्ड्यावर ताणलेल्या केसमेंटच्या कापडावर तीन डोलकाठ्यांचं एक जहाज आहे. सगळी शिडं चढवलेली, तोफांच्या खिडक्या उघड्या, आणि ठिकाण डोंबिवली पूर्व.

आप्पा गोदीत ड्राफ्ट्समन होते. सगळी नोकरी जहाजांची ड्रॉइंग्ज काढण्यात गेली, पण जहाजात बसून ते कधी कुठे गेले नाहीत. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्येसुद्धा त्यांना मळमळतं. अलिबागला जायचं झालं तर ते पेणमार्गे एसटीने जातात. समुद्र त्यांच्या लेखी म्हणजे ड्रॉइंगवरची एक आडवी रेघ. तिला वॉटरलाइन म्हणतात, आणि तिच्याखाली काय आहे ते दुसऱ्या शीटवर असतं.

ही जात तुमच्या ओळखीची असणार. नोकरी होती तोवर ही माणसं सुट्ट्या मोजत होती. निवृत्त झाल्यावर त्यांना कुणीतरी सांगतं की आता एखादा छंद लावून घ्या, आणि ती छंदाची फाइल उघडतात. कुणी बाग करतो आणि कुंड्यांना अनुक्रमांक टाकतो. कुणी पेटी शिकायला घेतो आणि वर्षभर भात्याची दुरुस्ती करतो, सूर कधी काढतच नाही. कुणी पहाटे फिरायला जातो आणि महिनाअखेरीस पावलांचा ताळेबंद व्हॉट्सॲपवर टाकतो. छंदात मन रमावं अशी जी अपेक्षा असते तिचा ह्या मंडळींना राग येतो. रमायला काय ते लहान मुलं आहेत? काम नीट झालं पाहिजे.

आता जहाजाची सुरुवात कशी झाली ते सांगतो, कारण तिथे दोष कुणाचा ह्यावर इमारतीत दोन मतं आहेत.

भरतकाम मूळ माईंचं. शाळेतला शिवणाचा तास आणि आजीचा धपाटा ह्या दोन विद्यापीठांतून त्या शिकल्या. साखळी, गहू, काश्मिरी, उलटी टीप, काज, हेरिंगबोन, गाठीचा टाका, काय म्हणाल ते. नात्यातल्या निम्म्या मुलींच्या रुखवतात माईंचा हात लागलेला आहे. अशाच एका भाचीसाठी त्या उशीचे अभ्रे भरत होत्या. दुकानातून छापून आणलेलं चित्र होतं, शिडाची नौका, वर झेंडा, मागे सूर्य. आप्पा पेपर वाचत होते. पेपर संपला. अशा वेळी नवऱ्याच्या हाती दुसरा पेपर द्यावा हे माईंना सुचलं नाही, एवढीच त्यांची चूक.

"अगं, हा झेंडा उलटा उडतोय."

"उलटा कसा? वरची बाजू वरच आहे."

"शिडं पुढे फुगलीयत. म्हणजे वारा मागून येतोय. मग झेंडाही पुढेच उडणार. तू तो मागे उडवलायस. एका बोटीवर दोन वारे?"

"छापलंय तसं भरतेय."

"मंत्र्याच्या गाडीचा झेंडा मागे उडतो, कारण गाडी स्वतःच्या जोरावर पळते. इथे ढकलतोय वारा. ढकलणाऱ्यालाच मागे टाकून बोट पळेल कशी?"

आप्पांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि ह्या जातीच्या माणसांची खरी अडचण तीच आहे. ती बरोबर असतात. शिडाच्या जहाजांच्या कितीतरी कॅलेंडरी चित्रांत झेंडा असाच चुकलेला सापडेल. आता तुम्हालाही तो दिसत राहील, त्याला माझा इलाज नाही. माईंनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "उशीवर डोकं ठेवणारा वारा कुठून येतो ते बघत नाही. एवढंच असेल तर तुम्हीच भरा की एक."

इमारतीतल्या बायकांच्या मते दोष झेंड्याचा. पुरुषांच्या मते ह्या शेवटच्या वाक्याचा.

जहाज कोणतं, हे ठरायला आप्पांना एक क्षणही लागला नाही. 'त्रिंकोमाली'. ब्रिटिश नौदलाची ही फ्रिगेट मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधली, अख्खी सागाची. 12 ऑक्टोबर 1817 रोजी ती पाण्यात उतरली आणि आजही ती इंग्लंडात हार्टलपूल इथे तरंगते आहे. नेपोलियनच्या लढायांनी इंग्लंडातला ओक खाऊन टाकला म्हणून इंग्रज सागाकडे वळले, इथपासून आप्पा सुरुवात करतात. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा टाकीच्या दुरुस्तीची वर्गणी मागायला गेले. त्यांना आप्पांनी 1736 साली लवजी नसरवानजी वाडियांबरोबर सुरतेहून काढलं, मुंबईला आणून 1750 ची सुकी गोदी दाखवली, 'मिंडेन' बांधून घेतली, 'कॉर्नवॉलिस'वर चढवून 1842 चा नानकिंगचा तह त्यांच्यासमोर करवला, आणि 'एशिया'तून नवारिनोच्या लढाईला नेलं. सेक्रेटरी खाली आले तेव्हा पावतीपुस्तक वरच राहिलं होतं. ते आणायला जायची त्यांची हिंमत झाली नाही. त्या महिन्यात आप्पांची वर्गणी सेक्रेटरींनी पदरची भरली असं ऐकतो.

तयारीला किती महिने गेले ते विचारू नये. मूळ जहाजाचा तोफांचा मजला सुमारे 150 फूट लांब. आप्पांनी प्रमाण धरलं एकास शंभर, म्हणजे कापडावर अठरा इंच. मग रजिस्टर आलं. दोऱ्यांची आवक, जावक, शिल्लक. दोरा 'अँकर'चाच हवा होता. जहाजाला दुसरा कुठला चालेल, असं आप्पा म्हणाले आणि स्वतःच हसले. तो त्या प्रकल्पातला एकमेव विनोद, त्यामुळे त्याची नोंद ठेवतो. एका लडीत आठ मीटर दोरा, त्यात सहा पदर. ह्या सहा पदरांत आप्पांचा जीव अडकला. डोलकाठीला आधार देणारा जाड दोर तीन पदरी, त्याहून बारीक दोन पदरी, शिडं ओढायचा एक पदरी. आणि रंग वेगळा, कारण जागेवर कायम ताणलेल्या दोरांना डांबर फासलेलं असतं, ते काळे. ओढायचे-सोडायचे दोर मात्र कोऱ्या तागाच्या रंगाचे. दादरच्या दुकानात आप्पांनी "डांबर लावून वर्षभर उन्हात राहिलेल्या दोराचा काळा" मागितला. दुकानदाराने शेडकार्ड उघडलं, मिटलं, आणि नम्रपणे विचारलं, "काका, ब्लाउजपीस सोबत आणलाय का?"

मग खाका. हे काम माईंनी दाखवलं. बटर पेपरवर चित्र काढायचं, रेघेवर सुईने जवळजवळ भोकं पाडत जायचं, कागद कापडावर पिना लावून बसवायचा, आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ कापसाच्या बोळ्याने वरून फिरवायची. भोकांतून निळे ठिपके कापडावर उतरतात. बोळा जास्त भिजला तर ठिपक्याचा डाग होतो, कमी भिजला तर काहीच होत नाही, आणि रॉकेलचा वास तीन दिवस वरणाला येतो. आप्पांनी तीन डोलकाठ्या, आडव्या काठ्या, दोर आणि तोफांच्या खिडक्या असा अख्खा खाका टोचून तयार केला आणि फरशीवर पसरून जेवायला बसले. कामाच्या मावशी ओला पोछा घेऊन आल्या. त्यांना फरशी दिसली, कागद दिसला नाही. मागची डोलकाठी गेली, सुकाणू गेलं, कॅप्टनच्या खोलीच्या खिडक्या गेल्या.

माईंनी श्वास रोखला. मावशी रडायच्या बेतात. आणि आप्पा, ज्यांनी शिल्लक भाजीवरून आठवडा अबोला धरल्याचा इतिहास आहे, ते आप्पा कागदाकडे बघून उजळले. "जावा!" म्हणाले.

मावशींना वाटलं, हाकलून देतायत. प्रकार असा की त्रिंकोमालीची मूळ ड्रॉइंग्ज इंग्लंडहून मुंबईला येत होती ती 'जावा' नावाच्या जहाजातून. डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने जावाला हरवून जाळून टाकलं, आणि ड्रॉइंग्जही गेली. दुसरा संच पाठवावा लागला. "जे तिचं झालं ते हिचंही व्हायलाच हवं होतं," आप्पा म्हणाले आणि मावशींना शंभराची नोट दिली. मावशींनी घरोघर सांगितलं की तिसऱ्या मजल्यावर कागद भिजवला की पैसे मिळतात.

पहिल्या टाक्याचा मुहूर्त झाला. मूळ जहाजाच्या कण्यात जमशेटजींनी पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला होता, म्हणून आप्पांना चांदी हवी होती. माईंनी आपल्या जुन्या शालूच्या काठातली जर उसवून दिली. शालू लग्नातला. आप्पांनी तिचा एक टाका जहाजाच्या तळाशी मारला, जिथे तो पाण्याखाली जाऊन कुणालाही दिसणार नव्हता. आम्ही पेढे खाल्ले. माईंनी शालू परत घडी घालून ठेवला. ह्या प्रसंगावर त्यांचं म्हणणं काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण पेढे त्यांनी खाल्ले नव्हते.

आणि मग भरणं सुरू झालं. खरं तर उसवणं. आप्पा दुपारी दोनला बसतात, डोक्याला दिवा, नाकावर चष्मा, चष्म्यावर भिंग. चारला चहा. पाचला दिवसभराच्या कामाची तपासणी, तीही स्वतःच, आणि सहापर्यंत नापास झालेलं उसवून टाकणं. एखाद्या दिवशी जितकं भरलं त्याहून जास्त उसवलेलं असतं; म्हणजे जहाज कालच्यापेक्षा मागे गेलेलं असतं. आप्पांना त्याचं काही वाटत नाही. "ती पोर्ट्समथला पोहोचली 1819 ला," ते म्हणतात, "आणि 1845 पर्यंत नुसती बांधून ठेवलेली. अलीकडे दुरुस्तीला काढली तर तीच अकरा वर्षं चालली. घाई कुणाला आहे?"

एक जागा मात्र बघण्यासारखी आहे, मुद्दाम जाऊन बघा. डोलकाठीपासून कडेपर्यंत उतरणाऱ्या जाड दोरांवर आडव्या बारीक दोऱ्या बांधलेल्या असतात. त्यांची शिडी करून खलाशी वर चढतात. दोन पायऱ्यांतलं अंतर साधारण चौदा इंच, म्हणजे एकास शंभरात साडेतीन मिलिमीटर. खऱ्या जहाजावर ही प्रत्येक पायरी प्रत्येक उभ्या दोराला गाठ मारून बांधतात, दोन वेढे आणि शेवट अडकवलेला. कुणीही शहाणा माणूस कापडावर आडवी उलटी टीप घालून मोकळा झाला असता. आप्पांनी एक पदरी दोऱ्याने प्रत्येक ठिकाणी तीच खरी गाठ मारली. भिंगाशिवाय ती दिसत नाही. भिंगातून बघितलं की तोंडून शब्द निघत नाही. दोरा दोऱ्यावरून जातो, वळतो, स्वतःच्याच खालून निघतो आणि पुढच्या दोराकडे ताठ चालू लागतो, शेकडो वेळा, एकही ढिला नाही. माई एकदा खूप वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाठीमागची बाजूही एवढीच स्वच्छ आहे." भरतकामातल्या बाईकडून ह्यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नसतं. आप्पांना ते कळलं नाही. त्यांनी "पाठीमागे काय असतं?" असं विचारून प्रमाणपत्र वाया घालवलं.

शिडांवरून जुंपली. माईंचं म्हणणं पांढरं म्हणजे पांढरं. आप्पांनी आठ पांढरे आणले. शीड म्हणजे एकसंध चादर नव्हे. दोन-दोन फूट पन्ह्याच्या कापडाच्या पट्ट्या जोडून ते शिवलेलं असतं. म्हणून दर सहा मिलिमीटरला एक जोड दिसला पाहिजे, आणि जोडाचा पांढरा पट्टीच्या पांढऱ्यापेक्षा किंचित मळका. तिकडे जहाजाच्या टोकाशी कोरलेला पुतळा होता. त्रिंकोमालीच्या नाळेवर मुंडासं घातलेला मिशाळ गडी आहे. तो भरून झाला तेव्हा माई म्हणाल्या, "अगदी आमचा मोठा मामा." आप्पांनी दुसऱ्या दिवशी मिशी उसवून थोडी लहान केली. सासरवाडीला जहाजाच्या पुढे उभं करायला ते तयार नव्हते.

बागेतल्या बाकावरच्या मंडळींनी अर्थात टिंगल केली. पुरुषासारखा पुरुष आणि हातात सुई! आप्पांकडे उत्तराची फाइल तयार होती. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश खलाशी लांबच्या सफरीत रिकाम्या वेळी लोकरीने आपापल्या जहाजांची चित्रं भरत. शिडं आणि कपडे शिवायचे म्हणून सुई प्रत्येकाला येतच असे. जरीच्या कारखान्यांत अड्ड्यावर बसतात ते कोण? बहुतेक पुरुषच. मग नॉरफोकचा जॉन क्रॅस्क काढला. मासेमार, 1881 चा जन्म, आजारपणाने अंथरुणाला खिळलेला. ख्रिसमसच्या पुडिंगसाठी ठेवलेल्या कापडाच्या तुकड्यावर त्याने बोट भरली आणि पुढे मरेपर्यंत समुद्र आणि बोटीच भरत राहिला. त्याचं डंकर्कच्या माघारीचं चित्र आता नॉरिचच्या संग्रहालयात आहे, दहा फुटांहून लांब. 1943 मध्ये तो गेला तेव्हा ते अपुरं होतं.

बाकावरची मंडळी गप्प झाली. ही हकिगत घरी पोहोचली तेव्हा माईंनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "आपलं दहा फुटी नाही ना?"

मुलाची कथा वेगळीच. तो लीड्सला असतो, बायको आणि एक मुलगी. हार्टलपूल तिथून गाडीने जाण्यासारखं आहे हे ज्या दिवशी आप्पांना नकाशावर दिसलं त्या दिवसापासून त्या संसाराचे रविवार संपले. पहिल्यांदा मुलगा हौसेने गेला, फोटो काढले, जहाजासमोर तिघे हसतायत. आप्पांनी फोटो परत पाठवले. "तुम्ही तिघे मधे आल्यामुळे दोन खिडक्या झाकल्या गेल्यात." दुसऱ्यांदा व्हिडिओ कॉल झाला. थंडीने मुलाचे दात वाजताना आम्ही सगळ्यांनी ऐकले, कारण आप्पांनी आवाज मोठा ठेवला होता.

"खाली घे. अजून खाली. ती लाकडी चकती दिसतेय का, तीन भोकांची? तशा मोज."

"बाबा, इथे पाऊस पडतोय."

"मग लवकर मोज. कडेकडेने जा. पडशील, रेलिंग धर. पण फोन हलवू नकोस."

मागून सुनेचा आवाज आला, "बाबांना म्हणावं, जहाज दोनशे वर्षं टिकलंय, चकत्या उन्हाळ्यात मोजू." तेवढंच वाक्य नेमकं तुटलं, असं आप्पांनी मानलं.

दोर झाले, शिडं झाली, तोफा झाल्या, झेंडा झाला (पुढे उडणारा, आणि त्याच्याकडे बोट दाखवल्याशिवाय आप्पा कुणाला सोडत नाहीत). आणि काम थांबलं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. आप्पा अड्ड्यासमोर बसत, सुईत दोरा ओवत, काढून ठेवत. खाली समुद्र राहिला होता, आणि समुद्राचं ड्रॉइंग नव्हतं.

त्यांनी उपाय केले. शेडकार्ड घेऊन गेटवेला गेले आणि कठड्याला ओणवून एकेक निळा पाण्याशी लावून बघितला. पाणी होतं मातकट, दूध जास्त पडलेल्या चहाच्या रंगाचं. "ह्याला नंबरच नाही," म्हणून परत आले. मग लाटेची उंची, दोन लाटांतलं अंतर आणि वाऱ्याचा वेग ह्यांचं कोष्टक मांडलं. त्याप्रमाणे पट्टीने तीन लाटा आखल्या. तिन्ही एकसारख्या आल्या. जहाज कौलांवर ठेवल्यासारखं दिसू लागलं. आप्पांनी तिन्ही उसवल्या आणि त्या दिवशी चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा दुपारी जरा पडले असताना माईंनी स्टूल ओढलं. खाका नाही, पट्टी नाही. डब्यातून हाताला लागतील त्या लड्या काढल्या. हिरवा, राखाडी, काळपट निळा, एक जांभळासुद्धा, जो रजिस्टरात "चुकून आलेला, परत करणे" म्हणून नोंदला होता. कुठे लांब धावदोरा, कुठे आखूड, मधेच दोन रंगांचे पदर एकाच सुईत. नाळेपाशी त्यांनी कापड कोरंच ठेवलं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "फेस भरायचा नसतो. सोडायचा असतो." आप्पा उठले, आले, मागे उभे राहिले. लाटा वाऱ्याच्या दिशेने चालल्यायत का ते त्यांनी दोनदा तपासलं. चालल्या होत्या. सांगण्यासारखं काही सापडेना, तेव्हा ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

काही दुपारींत समुद्र झाला. आप्पांनी रजिस्टरात नोंद केली: "समुद्र. बाहेरून करून घेतला. मजुरी निरंक." माईंच्या ते नजरेस पडलं. "बाहेरून?" एवढंच त्या म्हणाल्या. रात्रीची भाकरी जरा कडक झाली होती. सकाळी "बाहेरून" खोडून तिथे "अंतर्गत विभागाकडून" असं लिहिलेलं होतं, खाली सही.

जलावतरण 12 ऑक्टोबरलाच व्हायचं होतं, त्यात चर्चेला वाव नव्हता. रविवार आला हा योगायोग. इमारतीतली सगळी माणसं आली, सेक्रेटरीसुद्धा आले, दाराजवळची जागा धरून उभे राहिले. आप्पांनी चादर ओढली. खरोखर, सगळे गप्प झाले. मग पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "अगंबाई! समुद्र काय सुंदर आलाय!" त्यांच्यामागून दुसऱ्या म्हणाल्या, पाणी अगदी हलतंय. तिसऱ्यांनी जांभळ्या दोऱ्याचा नंबर विचारला. आप्पा हातात भिंग धरून उभे होते. "इथे गाठी बघा," ते म्हणत होते, "इथे." लोक भिंग घेत, डोळ्याला लावत आणि लाटा बघत.

तेवढ्यात लीड्सचा कॉल लागला. नात स्क्रीनवर, आठ वर्षांची, आणि तिने फोनचा ताबा घेतलेला.

"आजोबा, जरा जवळ घ्या. अजून जवळ. वर नको, खाली. डेकवर घ्या. हलवू नका."

आप्पा हलले नाहीत. हे तंत्र पोरगी आजोबांकडूनच शिकली होती.

"हं. आता मागे घ्या. सुकाणूवर." थोडी शांतता. "आजोबा, बोट कोण चालवतंय?"

आप्पांनी वळून जहाजाकडे बघितलं. आम्हीही बघितलं. सगळी शिडं फुगलेली, मागून दणदणीत वारा, शेकडो पायऱ्यांना शेकडो गाठी, आणि वर चढायला, दोर ओढायला, सुकाणू धरायला एक माणूस नाही. ड्रॉइंगमध्ये माणूस काढायची पद्धत नसते. काढलाच तर दाराची उंची कळावी म्हणून. आप्पांनी आयुष्यभर जी जहाजं काढली त्यांवर कुणी नव्हतंच.

"किती लोक असायचे हो?" माईंनी विचारलं.

"तीनशेच्या वर," आप्पा अगदी हळू म्हणाले.

माईंनी चष्मा लावला. "कठड्याआडून डोकी तेवढी दिसणार. डोकं केवढं?"

आप्पांनी मनात भागाकार केला. "नऊ इंच. एकास शंभरात दोन मिलिमीटर."

"म्हणजे गाठीचा टाका. दोन वेढे, एक गाठ. चार-पाच दुपारींचं काम."

"असं कसं? सगळे एकदम वर नसतात," आप्पांचा आवाज परत आला. "पाळ्या असतात. एक पाळी वर, दुसरी खाली झोपलेली."

"बरं झालं. तेवढ्या गाठी वाचल्या."

पाहुणे पेढ्यांकडे वळले. आप्पांनी कपाटातून कोरं रजिस्टर काढलं आणि पट्टी घेऊन रकाने आखायला बसले: अनुक्रमांक, हुद्दा, पाळी, उभे राहण्याचे ठिकाण, दोऱ्याचा नंबर, शेरा. शेऱ्याचा रकाना जरा रुंद हवा म्हणून एक पान फाडून पुन्हा आखलं. मान वर केली तेव्हा माई सुई खोचून ठेवत होत्या, आणि सुकाणूपाशी कठड्याच्या वर एक तपकिरी गाठ बसलेली होती.

"अगं, ह्याची एन्ट्री झालेली नाही."

"करा मग," माई म्हणाल्या. "तो काही आता उठत नाही."